तक्ते पाठ करण्याआधी: इटालियन अनियमित क्रियापदांविषयी

इटालियन भाषेच्या बहुतेक क्रमिक पुस्तकांच्या शेवटी अनियमित क्रियापदांचे तक्ते दिलेले असतात. एका क्रियापदाला एक पान, पानावर अर्थांचे (म्हणजे स्वार्थ, आज्ञार्थ यांसारख्या व्याकरणातल्या अर्थांचे) आणि काळांचे चौकोन, प्रत्येक चौकोनात सहा रूपे. सहायक क्रियापदाशिवाय होणारी साधी रूपेच तेवढी धरली, तरी स्वार्थाचे चार काळ, कोंजुंतीवोचे (साधारण आपल्या विध्यर्थाचे) दोन आणि कोंदित्स्योनालेचा (साधारण आपल्या संकेतार्थाचा) एक असे सात काळ होतात, आणि प्रत्येकाची सहा रूपे धरली की एका क्रियापदाची ४२ रूपे भरतात. आज्ञार्थ आणि कृदन्ते वेगळीच. मी उत्तर इटलीत राहते आणि नव्याने आलेल्या मराठी मंडळींना अधूनमधून इटालियन शिकवते. या पानांसमोर बसून ती ओळीने पाठ करू पाहणारी हुशार माणसे मी पाहिली आहेत, आणि कंटाळून पुस्तक मिटणारीही पाहिली आहेत. माझा आक्षेप पाठांतराला नाही. तक्त्याच्या मांडणीला आहे. तक्ता सगळ्या ४२ रूपांना सारखाच मान देतो, त्यामुळे अनियमितता कोणत्या चौकोनात जन्मते आणि कोणत्या चौकोनांत ती केवळ वारशाने येते, हे त्यातून कळतच नाही. प्रत्यक्षात एखाद्या क्रियापदाची पाच-सहा आधाररूपे माहीत असली, तर उरलेली जवळजवळ सगळी बांधता येतात.

उच्चारांविषयी एक खुलासा आधीच करते. पुढे इटालियन रूपे देवनागरीत लिहिली आहेत. त्यांतला ‘च’ ‘चिमणी’तला आणि ‘ज’ ‘जिरे’तला वाचावा, आणि जोडाक्षर दिसेल तेथे खरोखर जोर द्यावा, कारण या भाषेत द्वित्त हा अलंकार नसून व्याकरण आहे. त्याचा पुरावा पुढे येईलच.

सर्वांत सोप्या काळापासून सुरुवात करू. इंपेर्फेत्तो म्हणजे आपला रीतिभूतकाळ आणि अपूर्ण भूतकाळ यांचे काम एकट्याने करणारा काळ: ‘मी जात असे’ आणि ‘मी जात होते’ या दोन्हींना ‘आंदावो’ हे एकच रूप पुरते. हा काळ इतका नियमित आहे, की एस्सेरे (असणे) वगळता त्यात अनियमित म्हणावे असे काही उरत नाही. एस्सेरेचे एरो, एरी, एरा, एरावामो, एरावाते, एरानो हे मात्र तोंडपाठच करावे लागते. तरीही तक्त्यांत फारे (करणे), दीरे (म्हणणे), बेरे (पिणे), पोर्रे (ठेवणे), त्रार्रे (ओढणे) आणि कोंदुर्रे (नेणे) यांची इंपेर्फेत्तोतली रूपे अनियमित म्हणून दाखवलेली असतात: फाचेवो, दिचेवो, बेवेवो, पोनेवो, त्राएवो, कोंदुचेवो. वास्तविक येथे अनियमित काही असेल, तर ते मूळ धातुरूपच आहे. लॅटिनमधली फाकेरे, दीकेरे, पोनेरे, कोंदूकेरे अशी भरघोस रूपे बोलण्यात आखडली आणि फारे, दीरे, पोर्रे, कोंदुर्रे उरली. पण इंपेर्फेत्तोने जुना धातू सोडला नाही. म्हणून शिकणाऱ्याने वहीत ‘फारे’च्या शेजारी ‘फाचेरे’, ‘बेरे’च्या शेजारी ‘बेवेरे’ आणि ‘पोर्रे’च्या शेजारी ‘पोनेरे’ असे लपलेले धातुरूप लिहून ठेवावे. त्यावरून इंपेर्फेत्तो सुटतो, कोंजुंतीवोचा इंपेर्फेत्तो (फाचेस्सी, बेवेस्सी, पोनेस्सी) सुटतो आणि ‘करत’, ‘पीत’ या अर्थाची फाचेंदो, बेवेंदो ही कृदन्तेही सुटतात.

याच काळाच्या प्रथमपुरुषी रूपाला एक इतिहास आहे. जुन्या साहित्यिक भाषेत ‘मी’ आणि ‘तो’ या दोघांनाही ‘आवेवा’ हेच रूप होते. आलेस्सांद्रो मांझोनीने आपली प्रसिद्ध कादंबरी १८२७ मध्ये छापल्यानंतर फिरेन्झेच्या (फ्लॉरेन्सच्या) बोलभाषेच्या आधारे तिची भाषा पुन्हा तपासली, आणि १८४० पासून निघालेल्या सुधारित आवृत्तीत ‘इओ आवेवा’च्या जागी ‘इओ आवेवो’ घातले. आज शाळेत शिकवले जाते ते हेच रूप.

वर्तमानकाळात मात्र खरी गुंतागुंत आहे, आणि ती दोन वेगळ्या कारणांनी आलेली आहे. पहिले कारण उच्चाराचे. लॅटिनमधला कठोर ‘क’ आणि ‘ग’ पुढे ‘इ’ किंवा ‘ए’ आला की मऊ होऊन ‘च’ आणि ‘ज’ झाला. पुढे ‘ओ’ किंवा ‘आ’ असला, तर तो तसाच राहिला. म्हणून वाचणे या अर्थाच्या लेज्जेरेची रूपे ‘मी’ला लेग्गो, ‘तू’ला लेज्जी, ‘तो’ला लेज्जे आणि ‘ते’ला लेग्गोनो अशी होतात, दीरेची दीको, दीची, दीचे, दीकोनो होतात. कठोर व्यंजन ‘मी’ आणि ‘ते’ या दोन टोकांना आणि मऊ व्यंजन मध्ये, असा एक साचा बोलणाऱ्यांच्या कानात बसला. मग जेथे ‘ग’ असण्याचे काहीच कारण नव्हते, तेथेही तो शिरला. येणे या अर्थाचे वेनीरे घ्या. त्याचे ‘मी येतो’ हे रूप ध्वनिनियमाने ‘वेन्यो’ व्हायला हवे, आणि दान्तेच्या काव्यात ते तसे आढळतेही. पुढे मात्र लेग्गोच्या साच्याने त्याचे ‘वेंगो’ झाले. आजची रूपे वेंगो, व्येनी, व्येने, वेन्यामो, वेनीते, वेंगोनो अशी आहेत. धरणे (तेनेरे) याचे तेंगो, मागे राहणे (रिमानेरे) याचे रिमांगो, चढणे (सालीरे) याचे साल्गो, निवडणे (शेल्येरे) याचे शेल्गो आणि पोर्रेचे पोंगो, हे सगळे त्याच घराण्यातले.

दुसरे कारण आघाताचे, म्हणजे उच्चारातल्या जोराचे आहे. ‘मी, तू, तो, ते’ या चार रूपांत आघात धातूवर पडतो, ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ या दोन रूपांत तो प्रत्ययावर सरकतो. आघात असलेला स्वर एक रूप धरतो आणि आघात नसलेला दुसरे. व्येनी पण वेनीते, मुओरी (तू मरतोस) पण मोरीते, सिएदे (तो बसतो) पण सेदेते, ओदो (मी ऐकतो) पण उदीते, देवो (मला करावे लागते) पण दोब्ब्यामो. बाहेर पडणे या अर्थाच्या उशीरेत हा भेद इतका वाढला आहे, की एस्को आणि उशीते ही एकाच क्रियापदाची रूपे आहेत यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. दाराला ‘उश्यो’ म्हणत आणि त्या शब्दाच्या ओढीने आघातहीन रूपांचा ‘ए’ बदलून ‘उ’ झाला, असे भाषेचे इतिहासकार सांगतात. आंदारेत तर धातूच बदलतो: वादो, वाइ, वा, पण आंद्यामो, आंदाते, आणि पुन्हा वान्नो. ‘वा-’ हा लॅटिन ‘वादेरे’चा आहे, ‘आंदारे’ कोठून आले याबद्दल पंडितांचे एकमत नाही. मराठी माणसाने यात दचकण्यासारखे काही नाही, कारण आपलेही ‘जाणे’ हे ‘या’ धातूचे आणि ‘गेला’ हे ‘गम्’ धातूचे आहे, आणि ही दोन वेगळी क्रियापदे आहेत असे शाळेत जाण्यापूर्वी कोणाला वाटलेले नसते. फरक एवढाच, की आपल्याकडे धातूची अदलाबदल काळावर अवलंबून असते. इटालियनमध्ये ती एकाच काळात, आघाताच्या हिशेबाने होते.

तेनेरेमध्ये ही दोन्ही कारणे एकत्र आली आहेत. तेंगो, त्येनी, त्येने, तेन्यामो, तेनेते, तेंगोनो: सहा रूपांत तीन धातू, पण प्रत्येकाची जागा ठरलेली. ‘मी’ आणि ‘ते’ यांना ‘ग’, ‘तू’ आणि ‘तो’ यांना द्विस्वर, ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांना मूळ धातू. ही मांडणी एकदा कानात बसली, की वर्तमानकाळासाठी ‘मी’, ‘तू’ आणि ‘आम्ही’ यांच्या पलीकडे बहुधा काही पाठ करावे लागत नाही.

वर्तमानकाळातल्या ‘मी’च्या रूपाचे महत्त्व याहूनही मोठे आहे, कारण कोंजुंतीवोचा वर्तमानकाळ त्याच्यावर उभा राहतो. शेवटचा ‘ओ’ काढून ‘आ’ लावला की काम झाले: वेंगोवरून वेंगा, दीकोवरून दीका, वादोवरून वादा, फाच्चोवरून फाच्चा, एस्कोवरून एस्का, पोस्सोवरून पोस्सा, वोल्योवरून वोल्या. अनियमित क्रियापदांत हा नियम फक्त पाच ठिकाणी मोडतो, आणि ही पाचही क्रियापदे रोजच्या वापरातली आहेत: एस्सेरेचे सीया, आवेरेचे (जवळ असणे) आब्ब्या, सापेरेचे (माहीत असणे) साप्प्या, दारेचे (देणे) दीया आणि स्तारेचे (राहणे) स्तीया. ‘आम्ही’चे रूप तर दोन्ही अर्थांत एकच असते, आणि त्याचे कारण मोठे गमतीचे आहे: ‘-यामो’ हा प्रत्यय मुळात कोंजुंतीवोचाच होता, फिरेन्झेच्या बोलीत तो स्वार्थात घुसला आणि तेथेच ठाण मांडून बसला. रोमच्या बोलीत अजूनही ‘जाऊ या’ला ‘आन्नामो’ म्हणतात, म्हणजे जुना प्रत्यय तेथे जिवंत आहे.

कोंजुंतीवो ही पुढच्या वर्षी शिकायची गोष्ट आहे, असे अनेक शिक्षक मानतात; मला ते मुळीच पटत नाही. इटालियनमध्ये आदरार्थी ‘लेइ’ हे सर्वनाम वापरले की आज्ञार्थाची जागा कोंजुंतीवो घेतो. औषधाच्या दुकानात तुमची पाळी आली की काउंटरमागची व्यक्ती ‘मी दीका’ (मला सांगा) म्हणते, कार्यालयात ‘सी आक्कोमोदी’ म्हणून खुर्ची दाखवतात, रस्त्यात कोणाला थांबवायचे तर ‘स्कूझी’ किंवा ‘सेंता’ म्हणावे लागते. हे सगळे कोंजुंतीवो आहेत. म्हणजे हा अर्थ परक्या माणसाच्या कानावर इटलीतल्या पहिल्याच सकाळी पडतो. आपल्याकडे हेच काम विध्यर्थ करतो: ‘आपण यावे, बसावे, काय हवे ते सांगावे’. समोरच्याला थेट आज्ञा न करता क्रिया इष्ट आहे एवढेच सुचवायचे, ही रीत दोन्ही भाषांना स्वतंत्रपणे सुचली आहे. ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ या वाक्यातही आपला विध्यर्थ आणि त्यांचा कोंजुंतीवो (वोल्यो के वेंगा) बरोबर समोरासमोर येतात. वाटा फुटतात त्या ‘वाटणे’ या क्रियापदाशी. ‘तो येतो आहे असे मला वाटते’ येथे मराठीला स्वार्थ पुरतो, इटालियनला मात्र ‘पेंसो के वेंगा’ असेच म्हणावे लागते, कारण मत हे ज्ञान नव्हे असा त्या भाषेचा बाणा आहे. मराठी विद्यार्थ्यांनी सरावाचा वेळ येथे खर्च करावा. इच्छा आणि विनंती यांची वाक्ये त्यांना फार लवकर जमतात.

या अर्थात खुद्द इटालियन माणसेही घसरतात. ‘-आरे’ने संपणाऱ्या नियमित क्रियापदांचा कोंजुंतीवो ‘ई’ने होतो (पार्लारे, पार्ली), बाकीच्यांचा ‘आ’ने, पहिला गट फार मोठा असल्यामुळे तोंडाला ‘ई’ची सवय लागते आणि ‘वेंगा’, ‘वादा’, ‘फाच्चा’ यांच्या जागी ‘वेंगी’, ‘वादी’, ‘फाच्ची’ अशी रूपे बाहेर पडतात. अर्धशिक्षित कारकुनाची नक्कल करायची तर हीच रूपे त्याच्या तोंडी घालायची, असा तिकडच्या विनोदाचा संकेत आहे.

आता भविष्यकाळ आणि कोंदित्स्योनाले, म्हणजे ‘मी येईन’ आणि ‘मी आले असते’. या दोघांचा धातू नेहमी एकच असतो, एकाही क्रियापदाचा अपवाद नाही. म्हणून एक आधाररूप लक्षात ठेवले की १२ रूपे हाती येतात. अनियमितता येते ती धातू आणि प्रत्यय यांच्यामधला स्वर गळाल्यामुळे: आंदारेचे आंद्रो, आवेरेचे आव्रो, पोतेरेचे पोत्रो, वेदेरेचे वेद्रो. गळालेल्या स्वरामुळे ‘न’ किंवा ‘ल’ थेट ‘र’ला भिडला, तर तो ‘र’मध्ये विरून जातो आणि वेर्रो, तेर्रो, रिमार्रो, वोर्रो अशी रूपे होतात. शेवटच्या ‘ओ’वर आघात असतो आणि लेखनात त्याच्यावर उलटी मात्रा देतात.

प्रत्ययांकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. इटालियनचा भविष्यकाळ लॅटिनच्या भविष्यकाळातून आलेला नाही; तो धातुरूपाला ‘जवळ असणे’ या क्रियापदाचा वर्तमानकाळ जोडून नव्याने बनला. ‘कांतारे हाबेओ’, म्हणजे ‘मला गाणे आहे’, याचे कांतेरो झाले. म्हणून भविष्यकाळाच्या प्रत्ययांत आवेरेची ओ, आइ, आ, आन्नो ही रूपे आजही उघड दिसतात. कोंदित्स्योनाले त्याच रीतीने बनला, पण तेथे जोडला गेला तो आवेरेचा भूतकाळ: ‘वेर्रेब्बे’ या रूपाच्या पोटात ‘एब्बे’ अख्खे बसलेले आहे. आता ‘आम्ही’ची दोन रूपे शेजारी ठेवावीत. ‘वेर्रेमो’ म्हणजे ‘आम्ही येऊ’, ‘वेर्रेम्मो’ म्हणजे ‘आम्ही आलो असतो’. निश्चित आश्वासन आणि हवेतली शक्यता यांच्यामध्ये फक्त एक ‘म’ आहे, आणि तो ‘म’ भूतकाळी ‘आवेम्मो’कडून आलेला असल्यामुळे दुहेरी आहे. फोनवर जेवणाचे आमंत्रण स्वीकारताना हा ‘म’ दाबून उच्चारला, तर यजमान तुमच्या न येण्याचे कारण ऐकण्यासाठी थांबून राहील. ‘पटी’ आणि ‘पट्टी’ यांतला फरक न चुकता करणाऱ्या मराठी जिभेला हे जड जात नाही. इंग्रजीच्या वळणाने इटालियन शिकलेल्यांना जाते.

कोंदित्स्योनालेबाबत मराठीची सवय एके ठिकाणी आड येते. ‘मला वेळ असता तर मी आले असते’ या वाक्यात आपण दोन्ही अंगांना एकच संकेतार्थ वापरतो. इटालियनमध्ये ‘जर’च्या अंगाला कोंजुंतीवोचा इंपेर्फेत्तो लागतो आणि ‘तर’च्या अंगाला कोंदित्स्योनाले: से आवेस्सी तेंपो, वेर्रेइ. दोन्हीकडे कोंदित्स्योनाले घालून ‘से आव्रेइ’ म्हणणे हा तेथील शाळांतला सर्वांत बदनाम दोष आहे, आणि मराठीभाषकाला तो करण्याचे कारण तर मातृभाषेनेच पुरवलेले आहे.

पास्सातो रेमोतो, म्हणजे दूरचा भूतकाळ, हे या सगळ्या प्रकरणाचे सर्वांत भीतिदायक पान. पण माझ्या मते सर्वांत देखणेही तेच. घेणे या अर्थाचे प्रेंदेरे घेऊ. प्रेसी, प्रेंदेस्ती, प्रेसे, प्रेंदेम्मो, प्रेंदेस्ते, प्रेसेरो. पहिले, तिसरे आणि सहावे रूप अनियमित, बाकीची तीन शुद्ध नियमित. अनियमित तिघांत आघात धातूवर आहे, नियमित तिघांत प्रत्ययावर. लिहिणे, वाचणे, पाहणे, पडणे, कोणतेही क्रियापद घ्या, अनियमितता याच तीन घरांत सापडते, आणि तिघांचा धातू एकच असल्यामुळे ‘मी’चे रूप कळले की काम झाले. ही रूपे दोन मोठ्या गटांत पडतात. एकात ‘स’ येतो: स्क्रिस्सी, लेस्सी, दिस्सी, मीसी, रिमासी. दुसऱ्यात व्यंजनाचे द्वित्त होते: तेन्नी, एब्बी, वोल्ली, सेप्पी. हे द्वित्त लॅटिन ‘तेनुइ’, ‘हाबुइ’ यांतल्या ‘उ’चे अवशेष आहे, तो ‘उ’ आपल्या आधीच्या व्यंजनाला जाड करून स्वतः नाहीसा झाला. ज्यांच्या लॅटिन रूपांत असा ‘उ’ नव्हता त्या वेनीरे आणि कादेरे (पडणे) यांनीही पुढे त्याच साच्यात वेन्नी आणि काद्दी अशी रूपे घेतली.

हा काळ शिकावा की नाही, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. उत्तरेत, तोरिनो किंवा मिलानोत, बोलताना तो जवळजवळ ऐकूच येत नाही. दहा वर्षांपूर्वीची गोष्टही तेथे पास्सातो प्रोस्सिमोत, म्हणजे जवळच्या भूतकाळात, सांगतात. तोस्काना प्रांतात आणि दक्षिणेत तो बोलीत आहे, सिसिलीत तर नुकत्याच घडलेल्या गोष्टीसाठीही. लेखनात मात्र त्याला पर्याय नाही. संग्रहालयातली पाटी, शालेय इतिहास, मुलांची परीकथा, सगळीकडे तोच: ‘दान्ते नाक्क्वे आ फिरेन्झे नेल १२६५’. उत्तरेत राहणाऱ्याने तो वाचताना ओळखावा आणि बोलताना विसरावा. ज्याची सासुरवाडी सिसिलीतल्या पालेर्मोत आहे त्याला ही सवलत नाही.

उत्तरेत ज्याच्यावर सगळा भार आहे, त्या पास्सातो प्रोस्सिमोत सहायक क्रियापदापुढे भूतकाळवाचक कृदन्त येते, आणि मराठी वाचकाला सर्वांत ओळखीचा प्रदेश हाच आहे. फारेचे फात्तो, दीरेचे देत्तो, स्क्रीवेरेचे स्क्रित्तो, प्रेंदेरेचे प्रेसो, मोरीरेचे मोर्तो, आप्रीरेचे (उघडणे) आपेर्तो: ही लॅटिन कृदन्तांची थेट वंशज आहेत, जशी आपली केला, गेला, मेला ही कृत, गत, मृत यांची. वर्तमानकाळी ‘करतो, मरतो’ असे सरळ चालणारे धातू भूतकाळात असे वाकडे का होतात, याचे उत्तर दोन्ही भाषांत एकच आहे: बाकीची रूपे नव्या प्रत्ययांनी बनली, कृदन्त मात्र जुने तयार मिळाले आणि रोजच्या वापरामुळे टिकले.

साम्य येथेच थांबत नाही. एस्सेरे हे सहायक लागले, की कृदन्त कर्त्याच्या लिंगवचनानुसार बदलते. ‘सोनो आंदाता’ बाईने म्हणायचे आणि ‘सोनो आंदातो’ पुरुषाने, अगदी ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ यांसारखे. आवेरे लागले आणि कर्म सर्वनामाच्या रूपाने आधी आले, तर कृदन्त कर्माशी जुळते. पत्राला तेथे ‘लेत्तेरा’ हा स्त्रीलिंगी शब्द आहे, म्हणून ‘मी ते लिहिले’ हे ‘लो स्क्रित्ता’ असे होते, ‘स्क्रित्तो’ नव्हे. कर्मणी प्रयोगाची इतकी सवय इंग्रजीभाषकाला नसते. ‘चिठ्ठी लिहिली’, ‘निबंध लिहिला’ म्हणणाऱ्याला ती असतेच. वर्गात हा नियम सांगितला की मराठी विद्यार्थी मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. गडबड होते ती उलट बाजूने, म्हणजे कर्म नाम म्हणून नंतर आले असताना (ओ स्क्रित्तो ला लेत्तेरा) जेथे जुळवणी नको तेथेही ती करण्याने.

एवढे सगळे झाल्यावर खरोखरच मनमानी म्हणावीत अशी तीनच क्रियापदे माझ्या वहीत उरतात: एस्सेरे, दारे आणि स्तारे. एस्सेरेने तर आपले कृदन्त ‘स्तातो’ स्तारेकडून उसने घेतले आहे, त्यामुळे ‘सोनो स्तातो’ हे दोघांनाही लागू पडते. पास्सातो रेमोतोची तीन घरांची शिस्तही ही तिन्ही पाळत नाहीत (फुइ, फोस्ती, फू, देत्ती, देस्ती, देत्ते, स्तेत्ती, स्तेस्ती, स्तेत्ते), आणि त्यांचा कोंजुंतीवोचा इंपेर्फेत्तो फोस्सी, देस्सी, स्तेस्सी असा होतो. यांच्यासाठी तक्ता जरूर पाठ करावा. भाषा नवी अनियमित क्रियापदे घडवत नाही, हीही जमेची बाजू आहे: इंटरनेटच्या काळात आलेली चात्तारे, पोस्तारे, गुग्लारे यांसारखी क्रियापदे मुकाट्याने ‘-आरे’च्या नियमित गटात गेली आहेत.

वहीतली नोंद कशी असावी, हे एका उदाहरणाने दाखवते. तेनेरे: तेंगो, त्येनी, तेन्यामो, तेर्रो, तेन्नी, तेनूतो. एवढीच ओळ. या ओळीवर मांतेनेरे (सांभाळणे), ओत्तेनेरे (मिळवणे), कोंतेनेरे (सामावणे), सोस्तेनेरे (आधार देणे) आणि आप्पार्तेनेरे (मालकीचे असणे) ही सगळी चालतात. पोर्रेच्या ओळीवर प्रोपोर्रे, कोंपोर्रे, सुप्पोर्रे आणि कोंदुर्रेच्या ओळीवर त्रादुर्रे, प्रोदुर्रे, रिदुर्रे चालतात. नावावर विसंबून मात्र राहू नये: रेस्तारे आणि कोंत्रास्तारे यांच्या शेवटी ‘स्तारे’ ऐकू येत असले, तरी ती दोन्ही पूर्ण नियमित आहेत.